पाहुणीचा खुळखुळा

माझ्या भिंतीला भिंत लागून एक बाई राहते. तिला अख्खं गाव पाहुणी म्हणतं. तिचं खरं नाव आमच्या जिभेला वळलंच नाही. पहिल्या दिवशी पोस्टमननं मोठ्या हिमतीनं घेऊन पाहिलं, तर त्याची कवळी हलली. मग बाकीच्यांनी नाद सोडला.

ती आली समुद्रापलीकडच्या देशातून, एका संस्थेच्या वतीनं. काम काय, तर आमच्या भागातल्या खेड्याखेड्यांत फिरून लोकांना एचआयव्ही म्हणजे काय, तो कशानं होतो, कशानं होत नाही आणि झालाच तर औषध घेऊन कसं जगायचं हे शिकवायचं. इथपर्यंत ठीक होतं. पण ती हे सगळं बिनपगारी करणार म्हटल्यावर गल्लीला झोप येईना.

"घरदार सोडून, एवढ्या लांब, फुकट?" बसचा कंडक्टर म्हणाला, "तिकडे काहीतरी भानगड करून पळालीय, लिहून घ्या."

आमच्या घरच्यांचं मत पडलं की नवऱ्यानं टाकलेली असणार. मी दोन्ही मतं गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पोचवली, आणि वाटेत सांडू नयेत म्हणून थोडी भरही घातली. शेवटी एकदा नळावर तिलाच विचारलं. ती म्हणाली, तिकडे ती चपलांच्या दुकानात कामाला होती. गिऱ्हाईक खुर्चीवर बसायचं, ही खाली गुडघ्यावर.

"सगळं आयुष्य लोकांचे पाय बघितले," ती म्हणाली. "मग वाटलं, आता तोंडं बघू."

"आणि जगात आमचीच तोंडं सापडली तुला?" मी म्हटलं. ती इतकी हसली की बादली भरून वाहायला लागली तरी तिला कळलं नाही. मला माणूस आवडलं. गल्लीला मात्र निराशा झाली. चपलांच्या दुकानात भानगड ती काय असणार?

आमची भाषा ती पोरांकडून शिकली, नळावर, खेळता खेळता. त्यामुळे तिच्या तोंडी सगळ्यांना तू. कोंबडीला तू आणि हेडमास्तरांनाही तू. शाळेच्या पटांगणात पहिला वर्ग घेतला तेव्हा हेडमास्तर स्वागताचं भाषण करायला उभे राहिले. ही म्हणाली, "तू बस. तू खूप बोलतोस." हेडमास्तरांचा चेहरा वांग्यासारखा झाला. पोरं बाकाखाली शिरून हसली. तेवढीच काय ती त्या वर्गाची मजा. पुढे तिनं मोठा तक्ता उलगडला, त्यावरचं चित्र दाखवून चारचौघांत न घ्यायचा तो शब्द उच्चारला, आणि बायका पदर सावरून, मूल उचलून निघून गेल्या. पुरुष बसून राहिले, कारण त्यांना चित्र नीट बघायचं होतं. मागून न्हावी म्हणाला, "बाई, उलटं धरलंय."

कितीतरी गावांत हेच झालं. ती बसच्या मागच्या बाकावर तक्ता मांडीवर घेऊन जायची आणि धुळीनं माखून परत यायची. आल्यावर पायरीवर बसायची. मी विचारायचे, "आज किती जण पळाले?" ती म्हणायची, "आज कुत्रा थांबला होता."

आणि मग तिला तो खुळखुळा सापडला.

या आजाराच्या गोळ्या आमच्या आरोग्य केंद्रातून मिळतात. पांढरी प्लास्टिकची बाटली, गोल झाकण, आत गोळ्या. रोज एक घ्यायची, जन्मभर, चुकवायची नाही. बाटली हलली की गोळ्या खुळखुळतात. एका खेड्यात हिचा वर्ग चालू असताना कुणाचं तरी तान्हं मूल रडत सुटलं. हिनं दाखवायला आणलेली बाटली त्याच्या कानाशी हलवली. मूल गप्प झालं. त्याच्याबरोबर सगळं खेडंही गप्प होऊन हिच्याकडे बघायला लागलं. तिथून पुढे तक्ता गेला अडगळीत. ही बाटली वाजवत मैदानात गोल फिरायची, दोन्ही पायांवर उड्या मारायची आणि ओरडायची, "हा आवाज कशाचा?"

"जगायचा!" पोरं ओरडायची.

"रोज किती?"

"एक!"

"विसरायची?"

"नाही!"

काय सांगू, आमच्या भागात असं काही गाजलेलं मी पाहिलं नाही. बस लांबून दिसली की पोरं ओरडायला लागायची. कंडक्टर तिकिटं फाडताना गुणगुणायचा. आमच्या घरचे, ज्यांना दाढीचा साबण कुठे ठेवलाय हे आठवत नाही, ते आंघोळ करताना एकटेच म्हणायचे, विसरायची, नाही. पोरांपाठोपाठ आया येऊन बसायला लागल्या. स्पर्शानं होत नाही, एका ताटात जेवून होत नाही, एकमेकांचे कपडे घालून होत नाही, हे लोकांना पाठ झालं. संस्थेची मोठी माणसं गाडी करून आली, फोटो काढून गेली. पाहुणी मधोमध उभी, हातात बाटली, आणि चेहरा असा की हिचंच बारसं आहे.

पाहुणीच्या खोलीच्या पलीकडच्या घरात शिंपीण राहायची. नवरा ट्रकवर होता, तो गेल्यावर कडेवरची पोर घेऊन भावाकडे आली. ओट्यावर शिलाई मशीन, तिथेच तिचं राज्य. हात साफ आणि जीभ त्याहून साफ. मी एकदा म्हटलं, जरा कमरेत बसेल असं शीव. तर फीत गळ्यात टाकून म्हणाली, "मावशी, तुमची कंबर कुठून कुठपर्यंत आहे ते आधी तुम्ही ठरवून या, मग मी फीत लावते." शाळेचे सगळे गणवेश तीच शिवायची. भाऊ गवंडीकाम करायचा, त्याचं काम असायचं नसायचं. घर चालायचं मशीनवर, त्यामुळे वहिनीही तिच्याशी जपूनच बोलायची.

शिंपिणीला तो आजार आहे हे आरोग्य केंद्रातल्या नर्सला ठाऊक होतं आणि पाहुणीला. भावालासुद्धा नाही. ती तब्येतीनं चांगली होती, पोर तपासून निरोगी निघाली होती, आणि गोळ्यांची बाटली, वरचं लेबल खरवडून, मशीनच्या खणात पडलेली असायची, बॉबिन आणि बटणांत. शिलाई मशीनच्या खणात काही खुळखुळलं तर कोण लक्ष देतो?

पोरीला सगळे भिंगरी म्हणायचे. पाहुणीच्या खुळखुळ्यात तिचा आवाज सगळ्यात मोठा.

शाळा उघडायच्या आधीचे दिवस होते. ओट्यावर गणवेशाच्या कापडांचा ढीग. हेडमास्तरीणबाई स्वतःचं काहीतरी शिवायला आल्या होत्या, दोन्ही हात बाजूला करून उभ्या होत्या. वहिनी उंबऱ्यात भाजी निवडत बसली होती. मी अंडी द्यायला गेले होते, आणि गेल्यावर लगेच परत येईन अशी मी नाही. शिंपिणीनं फीत हेडमास्तरीणबाईंच्या छातीभोवती घेतली आणि भिंगरीला म्हणाली, "खणातला खडू दे गं."

खण अडकला होता. भिंगरीनं दोन्ही हातांनी ओढला, तो सगळाच बाहेर आला आणि ओट्यावर उपडा झाला. बॉबिन, सुया, बटणं सगळीकडे. आणि ती पांढरी बाटली लोळत, खुळखुळत, ओट्याच्या कडेपर्यंत गेली आणि पायरीवरून खाली, एकेक पायरी वाजवत.

भिंगरीनं टाळ्या पिटल्या. "हा आवाज कशाचा? जगायचा! रोज किती? एक!"

इतकी सवय झाली होती सगळ्यांना, की "विसरायची?" म्हटल्यावर हेडमास्तरीणबाईंचे ओठ आपोआप हलले. 'ना' एवढंच आलं, आणि त्या थांबल्या. फीत अजून त्यांच्या छातीभोवतीच होती.

शिंपीण म्हणाली, "बटणं आहेत."

"अस्सं," हेडमास्तरीणबाई म्हणाल्या. "मला दोन पांढरी हवीच होती. बघू?"

"ती दुसऱ्या गिऱ्हाइकाची आहेत."

"बघायला काय होतंय?"

मी म्हटलं, "अहो बाई, हात वर धरा, नाहीतर हिच्या फितीत शेजारीणही मावेल." एरवी यावर ओटा दणाणला असता. वहिनीच्या हातातली जुडी तशीच राहिली होती. भिंगरीनं धावत जाऊन बाटली उचलून आणली आणि आईला दिली, शाबासकी मिळेल म्हणून तोंडाकडे बघत उभी राहिली.

दुसऱ्या दिवसापासून कापडं परत जायला लागली. भांडणतंटा काही नाही, सगळं गोड बोलून. कुणाची बहीण शहरातून तयार गणवेश आणणार होती. कुणाच्या मुलाचं माप अजून वाढायचं होतं. हेडमास्तरीणबाई स्वतः आल्या आणि म्हणाल्या, "आम्हाला सगळं माहितीये गं. कपड्यानं होत नाही, स्पर्शानं होत नाही. मीच तर वर्गाला पहिल्या रांगेत असते. पण बाकीच्या आयांना कोण सांगणार?" आणि ढिगातून नेमकं आपलं कापड ओढून घेऊन गेल्या. घरात वहिनीनं तिचा पेला वेगळा ठेवला. भावानं ते पाहिलं आणि बाहेर जाऊन बसला.

हे सगळं शिंपिणीनं सोसलं असतं. तिची जीभ शाबूत होती. ओट्यावर रिकाम्या मशीनपुढे बसून म्हणायची, "बरं झालं, पाठ दुखायची." पण वहिनी भिंगरीला मांडीवर घेऊन गोड आवाजात पुन्हा पुन्हा विचारायची, "नक्की तोच आवाज होता का गं? पाहुणीच्या बाटलीचा?" पोरीला कळलं की आपल्या हातून काहीतरी झालंय. काय ते कळेना. ती जेवेना. अंथरूण ओलं करायला लागली, शाळेत जायच्या वयाची पोर. आईच्या पाठीमागे उभी राहून विचारायची, "मी चुकीचं बोलले का?"

आणि मग शिंपिणीनं ते केलं. ओट्यावर उभी राहून तिनं सगळ्यांना हाका मारल्या, मला, न्हाव्याला, पोस्टमनच्या बायकोला, रस्त्यानं जाणाऱ्या माणसांना. खणातून ती बाटली काढली, झाकण उघडलं आणि सुपात ओतली. बटणं पडली. पांढरी, चार भोकांची, शर्टाची.

"मोजून घ्या हवी तर," ती म्हणाली. "पोरीच्या ऐकण्यात चूक झाली, आणि तुम्ही मोठी माणसं नाचलात." भिंगरीकडे वळून म्हणाली, "तू चुकलीस की नाही? बटणं होती की नाही?"

भिंगरी इतक्या दिवसांनी हसली. सुपात हात घालून बटणं खेळायला लागली.

गोळ्या कुठे गेल्या होत्या ते मी सांगायला नको. घरामागच्या संडासात.

लोकांनी अर्धा विश्वास ठेवला. म्हणजे कामं परत आली, पण उशांचे अभ्रे, पडदे, पिशव्या. अंगाला लागणारं काही नाही. तेवढ्यानंच तिचा घात झाला. खोट्याला थोडं फळ आलं की माणूस ते सोडत नाही. आता ती आरोग्य केंद्राच्या रस्त्यानं कशी जाणार? ज्या बाईला काही झालंच नाही ती तिथे कशाला जाईल? पाणी आणायलासुद्धा ती लांबच्या वाटेनं जायला लागली.

पाहुणी तेव्हा दूरच्या खेड्यांत फिरत होती. आली ती गाणं म्हणत, खांद्याला पिशवी, पिशवीत खुळखुळा वाजतोय. मी तिला नळावर धरलं आणि सगळं सांगितलं. ती ओल्या फरशीवर खाली बसली.

"माझ्यामुळे?"

"तुझ्यामुळे कशाला," मी म्हटलं, "तुझ्या खुळखुळ्यामुळे." मला वाटलं हसेल. तिनं पिशवीतून बाटली काढली आणि हातात घट्ट धरली, वाजू नये म्हणून.

मग ती केंद्रात गेली, आणि नर्सनं तिला बाकीचं सांगितलं. लांबच्या गावाहून बसनं येणारे कितीतरी जण येईनासे झाले होते. बसमध्ये पिशवी हलली की सगळी बस मान वळवून बघायची, आणि एखादं पोर तर ओरडायचंच. एक म्हातारी बाटलीत कापूस कोंबायची. एक माणूस गोळ्या सुट्या करून खिशात न्यायचा, त्या घामानं विरघळून जायच्या. इतकी वर्षं ज्या आवाजाकडे कुणाचं लक्ष नव्हतं, तो पाहुणीनं नाचून नाचून सगळ्यांच्या कानात बसवला होता. आता तो काढायचा कसा?

ती माझ्या दारात आली. "तुझं तोंड सगळीकडे जातं," ती म्हणाली.

"ही तक्रार आहे की कौतुक?"

"मदत पाहिजे."

केंद्राच्या मागे रिकाम्या बाटल्यांची पोती पडलेली होती. आम्ही दोघींनी त्या धुतल्या, अंगणात वाळत घातल्या. माझ्या कोंबड्या त्यांना चोची मारून वेड्या झाल्या. मग पाहुणी घरोघर, गावोगाव त्या वाटत सुटली, आणि मी पुढे पुढे बातमी सोडत गेले. एका घरी सांगितलं, या बाटलीत बियाणं ठेवलं तर कीड लागत नाही. दुसऱ्या घरी, सुया गंजत नाहीत. न्हाव्याला म्हटलं, तुरटी ठेव, विरघळत नाही, मोठमोठे न्हावी हेच करतात. पोस्टमननं कवळी ठेवली. कंडक्टरनं तंबाखूची गोळी. वर्गात पाहुणीनं बाटली बंद केली आणि ढोलकी आणली, ती तिला अजिबात येत नव्हती, पण पोरांना चालत होतं. काही दिवसांनी बस खड्ड्यातून गेली की अख्खी बस खुळखुळायची आणि कुणी मान वळवायचं नाही. लांबच्या गावची माणसं केंद्रात परत यायला लागली. कापसाची म्हातारीही आली.

शिंपीण आली नाही. आवाज लोक विसरले होते. ती कोण, हे विसरले नव्हते.

पाहुणी तिच्या ओट्यावर जाऊ शकत नव्हती, पाहुणीनं पायरी चढणं म्हणजेच पुरावा. म्हणून गोळ्या मी न्यायचे. पुरचुंडी करून, टोपलीत अंड्यांच्या खाली. शिंपीण अंडी काढून घ्यायची आणि टोपली परत द्यायची. पुरचुंडी जशीच्या तशी तळाशी. "मावशी, तुमच्या कोंबड्या हल्ली काहीतरी भलतंच घालतात," म्हणायची. मी पुन्हा न्यायचे, ती पुन्हा परत करायची. आमच्या कोंबड्या कमी पडायला लागल्या, मी शेजारच्या गावातून अंडी आणायला लागले.

शेवटी पाहुणीला राहवलं नाही. पोर शाळेत असताना, भर दुपारी, एक कापड हातात घेऊन ती ओट्यावर चढली. मी माझ्या दारात तांदूळ निवडत होते. सगळं ऐकू येत होतं.

"मला झगा शीव," पाहुणी म्हणाली. "अंगाला लागणारा."

"बाई, तुम्ही घातलात म्हणून कोण घालणार आहे? तुम्ही तर कुत्र्याच्या ताटातही जेवाल."

"तू गोळी घे. घरात नको. माझ्या खोलीत ये, माझ्यासमोर घे. कुणाला दिसणार नाही."

"भिंगरीला दिसेल." शिंपिणीनं मशीनवरचा हात काढला. "ती सारखी माझ्यावर नजर ठेवून असते. मी पाणी प्यायले तरी हातात काय आहे ते बघते. आज मी गोळी घेतली, तर ती बटणं नव्हती. मग आईला तिनंच उघडं पाडलं. आज नाही कळणार तिला. मोठी झाल्यावर कुणीतरी सांगेलच. या गल्लीत सांगणाऱ्यांना काय तोटा आहे?" ती माझ्या दाराकडे बघून बोलली. मी तांदूळ खाली बघून निवडले.

"आणि तू मेलीस तर?"

"मेले तर आई आजारी पडून मेली. लोकांच्या आया मरतात, बाई. त्याचं पोराला दुःख होतं, पाप नाही लागत."

"तू नसलीस तर तिला कोण सांगणार, पाप नाही ते?"

शिंपिणीनं मशीन चालू केलं. त्यावर कापड नव्हतं.

मग खोकला सुरू झाला. मशीनच्या आवाजात आधी कळायचा नाही, पुढे मशीनच थांबायला लागलं. तिनं स्वतःचे कपडे आत घेतले, पुन्हा आत घेतले, पुढे शिवणीला जागा उरली नाही. ताप यायचा. ओट्यावर बसून अभ्र्यांच्या कडा घालायची, टाके वाकडे पडायचे, मग उसवून पुन्हा घालायची. मी म्हटलं, "सोड गं, उशीला काय कळतं?" ती म्हणाली, "मला कळतं."

एक दिवस मागच्या दारानं वहिनी पाहुणीकडे आली. डोळे लाल. मी पेल्यावरून तिला गल्लीभर इतकं बदनाम केलं होतं, आणि ती बाई आता माझ्यासमोर उभी होती. "तिला मोठ्या दवाखान्यात न्या," ती म्हणाली. "माझं ती ऐकत नाही. पोरीला मी बघते. मला भीती वाटते हो, मला पहिल्यापासून नुसती भीतीच वाटतेय."

भावानं तिला उचलून बसमध्ये बसवलं. तेव्हा ती नको म्हणाली नाही. भिंगरीला सांगितलं, आई खोकल्याचं औषध आणायला चाललीय.

शहरातल्या दवाखान्यात मोठा हॉल होता, खाटेला खाट लागलेली. तिथे तिला क्षयही निघाला. पाहुणी खाटेखाली चटई टाकून राहिली. मी भेटायला गेले तेव्हा शिंपीण उशीला टेकून बसली होती, हाताची नुसती काडी, आणि चादरीची कड बोटांत धरून बघत होती.

"कुणी घातलीय ही कड?" ती म्हणाली. "हात मोडले पाहिजेत त्याचे."

मला बरं वाटलं. नर्स गोळी घेऊन आली. तिनं हात पुढे केला, सगळ्या हॉलसमोर तोंडात टाकली, पाणी प्यायली. "इथे मला कुणी ओळखत नाही, मावशी," ती म्हणाली. "किती सोपं आहे हो." मग म्हणाली, "बरी होऊन गेले तर तिला सांगेन, खोकला होता, गेला."

पाहुणी माझ्याकडे बघत होती. मी परत येताना बसमध्ये स्वतःशीच हिशेब करत होते की ही घरी आली की पहिल्यांदा काय चिडवायचं.

पण गोळ्या फार दिवस सुटल्या होत्या. एका सकाळी बसमधून भाऊ उतरला, त्याच्यामागे पाहुणी, हातात शिंपिणीच्या कपड्यांचं गाठोडं. कंडक्टरनं उतरून ते तिच्या हातातून घेतलं आणि दारापर्यंत आणून दिलं. वहिनी ओट्यावर आली, भिंगरीला तिनं पोटाशी धरलं. शिंपिणीचा तो वेगळा पेला मला पुन्हा कधी त्या घरात दिसला नाही.

दिवस गेले. भिंगरी पुन्हा जेवेनाशी झाली, पुन्हा अंथरूण ओलं. वहिनी बिचारी तिला कुशीत घेऊन झोपायची आणि सकाळी दोघींची अंथरुणं वाळत घालायची. एका दुपारी नळावर आम्ही तिघीच होतो. मी भांडी घासत होते, पाहुणी बादली भरत होती. भिंगरी येऊन पाहुणीसमोर उभी राहिली.

"बटणं नव्हती ना?"

पाहुणीनं नळ बंद केला.

"मी ओरडले म्हणून आई गेली का?"

माझ्या हातातलं भांडं मी खाली ठेवलं. पाहुणी खाली गुडघ्यावर बसली.

"नाही," ती म्हणाली. "तू ओरडलीस, कारण मी तुला शिकवलं. आईच्या बाटलीचा आवाज सगळ्यांना मी सांगितला. तू नाही. माझ्यामुळे आई गेली."

भिंगरीनं नळावरचं लोखंडी टमरेल उचललं आणि तिच्या तोंडावर मारलं. भुवई फुटली. "तू घाण आहेस," भिंगरी किंचाळली. "तू आमच्या गावातून जा." आणि पळत घरी गेली.

मी पदर घेऊन पाहुणीच्या भुवईला लावला. "वेडी आहेस का तू? असं सांगतात का पोराला? थांब, मी आत्ता जाते आणि समजावून…"

"नाही," ती म्हणाली. "तू सांगायचं नाही. कुणाला नाही. तू खूप सांगतेस. हे नाही."

त्या रात्रीपासून पोरीचं अंथरूण कोरडं राहिलं. वहिनीनंच मला सांगितलं. जेवायला लागली, शाळेत जायला लागली. पाहुणी दिसली की रस्त्यावर थुंकायची. इतर पोरांनाही तिनं सांगितलं, त्यामुळे ढोलकीभोवती आता कुणी जमत नाही. पाहुणी दारोदार जाऊन हळू आवाजात शिकवते. दार उघडेल तिथे बसते, नाही उघडलं तर पुढे जाते.

मधे संस्थेनं कळवलं, मुदत संपली, परत ये. न्यायला गाडीच आली. ड्रायव्हर दारात उभा, सामान द्या म्हणतोय, आणि ही आत बसून राहिली.

मी आत गेले. "जा ना, बाई," मी म्हटलं. "इथे काय उरलंय तुझं? तिकडे निदान तुझ्यावर कुणी थुंकत तरी नाही."

"मी गेले तर भिंगरी कुणावर रागावेल?" पाहुणी म्हणाली.

मला आधी कळलं नाही. मग कळलं, आणि मी खाली बसले.

तिनं ड्रायव्हरला परत पाठवलं. गाडी वळत होती तेव्हा भिंगरी दप्तर पाठीला लावून ओट्याच्या खांबाला धरून उभी होती. मान वाकवून वाकवून गाडीच्या आत बघत होती. गाडी रिकामीच गेली. तिनं खांब सोडला, खाली उतरून एक खडा शोधला आणि पाहुणीच्या खिडकीवर मारला.

आत पाहुणी तांदूळ धूत होती. तिनं मागे वळूनही पाहिलं नाही.

"शाळा सुटली वाटतं," ती म्हणाली.